ऑस्ट्रेलियन शैलचित्रांवरचा टॅरो संच: वापरावा की नाही?

पानगळ

नमस्कार मंडळी. मी ठाण्यात राहते, टॅरोच्या पत्त्यांवरून भविष्य वाचते. माझी भाची ब्रिस्बेनला असते. दिवाळीला आली तेव्हा माझ्यासाठी एक संच घेऊन आली. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या शैलचित्रांवर बेतलेला आहे. त्याबद्दल जाणकारांना विचारायचं आहे.

पत्ते हातात घेतले की खाली ठेववत नाहीत. गेरूचा तांबडा, पिवळी माती, कोळशाचा काळा आणि पांढरी माती, एवढेच रंग. टॅरोच्या चार गटांपैकी कपांच्या जागी कूलमन म्हणजे लाकडी परड्या, तलवारींच्या जागी भाले, दंडांच्या जागी कंद खणायच्या काठ्या आणि पेंटॅकल्सच्या जागी एकात एक वर्तुळं. सम्राटाच्या पत्त्यावर मोठा पांढरा चेहरा आहे, काळेभोर डोळे, डोक्याभोवती किरणांसारख्या रेघा, आणि तोंडच नाही. टॉवरच्या पत्त्यावर मनोरा नाहीच. गुडघ्यांना आणि कोपरांना कुऱ्हाडी लावलेली एक काटकुळी आकृती आहे आणि तिच्याभोवती कमानीसारखा पट्टा. चंद्राच्या पत्त्यावर मासा आहे, त्याच्या पोटातलं सगळं दिसतंय, काटासुद्धा. आणि सगळ्या पत्त्यांना मागे ठिपक्यांची नक्षी.

सोबतची पुस्तिका अगदी पातळ आहे. सम्राटाखाली ‘मौनातली सत्ता’ एवढंच लिहिलंय. खोक्यावर छापलंय की ही चित्रं दहा हजार वर्षांपूर्वीच्या अज्ञात चित्रकारांपासून प्रेरणा घेऊन काढली आहेत. संच करणाऱ्याचं नाव आहे, बाकी कुणाचंच नाही.

मध्यंतरी एक ताई वाचनाला आल्या होत्या, बरीच वर्षं पर्थला राहून आलेल्या. सम्राटाचा पत्ता उलटला तसा त्यांनी हात मागे घेतला. म्हणाल्या, “हे चित्र असं वापरायला कुणी परवानगी दिली?” मला उत्तर देता आलं नाही आणि ते वाचनही नीट झालं नाही. तेव्हापासून संच कपाटात आहे.

या चित्रांचे खरे अर्थ कुणाला माहीत आहेत का? आणि हा संच मी लोकांसाठी वापरावा का?

अठ्ठ्याहत्तर

ताई, एवढं मनाला लावून घेऊ नका. टॅरोचा इतिहास पाहिला तर तो सतत रूप बदलत आलाय. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत हे चक्क खेळायचे पत्ते होते, फेराराच्या दरबारात १४४२ सालची नोंद आहे. भविष्याशी त्याचा काही संबंध नव्हता. १७८१ मध्ये कूर द जेबलँ या फ्रेंच गृहस्थाने हे इजिप्तचं प्राचीन ज्ञान आहे असं लिहिलं, त्याला आधार काही नव्हता, पण तिथून पुढे पत्त्यांना गूढ वलय आलं. आज आपण सगळे ज्या चित्रांवर शिकलो ती पामेला कोलमन स्मिथ यांनी काढली, १९०९ मध्ये. म्हणजे २२ मोठे पत्ते आणि चार गटांतले ५६ ही मांडणी शाबूत असली की चित्र बदललं तरी चालतं. मी फुलापानांचा संच वापरते आणि वाचन छान होतं. तुमचा हेतू स्वच्छ आहे ना? मग वापरा.

टॉपएंडकर

मी ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला, डार्विनला राहतो. इलेक्ट्रिशियन आहे, कामं जबिरूच्या बाजूलाही निघतात. जबिरू म्हणजे काकाडू राष्ट्रीय उद्यानातलं गाव. तुमच्या पत्त्यांवर जे आहे त्यातलं निम्मं मी प्रत्यक्ष खडकावर पाहिलंय, आणि शक्य होतं तेव्हा तिथल्याच लोकांकडून ऐकलंय. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टॉवरच्या पत्त्यापासून सुरुवात करतो, कारण ते चित्र मला फार जवळचं आहे. त्याचं नाव नमर्गोन. काकाडूत बुरुंगकुय नावाचा खडकाळ डोंगर आहे, त्याच्या पायथ्याशी अनबांगबांगची चित्रभिंत आहे, तिथे तो आहे. विजेचा कर्ता. तुम्ही ज्याला कमान म्हणता तो पट्टा म्हणजे वीज. एका पायापासून निघून हातांवरून, डोक्यावरून दुसऱ्या पायापर्यंत जाते. कुऱ्हाडी दगडी आहेत, त्यांनी तो ढग फोडतो आणि गडगडाट होतो. ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत इथे हवा अशी कोंदते की अंगावरचा शर्ट वाळत नाही. काकाडूचे बिनिंज लोक वर्षाचे सहा ऋतू मानतात, त्यातल्या या ऋतूला ते गुनुमेलेंग म्हणतात. मग रोज संध्याकाळी क्षितिजावर विजा सुरू होतात. त्याच सुमाराला डोंगराच्या कपारीत एक टोळ दिसतो, केशरी अंगावर निळे ठिपके. तो अलजूर, नमर्गोनची लेकरं. वडिलांना शोधायला निघालेली. टोळ दिसले की पाऊस जवळ आला. आता या सगळ्याला ‘अचानक कोसळणं’ असा अर्थ चिकटवला की काय उरतं? टॉवरच्या पत्त्यावर वीज असते म्हणून विजेवाला उचलला, एवढाच हिशोब दिसतो.

आता खोक्यावरच्या ‘दहा हजार वर्षांपूर्वीच्या अज्ञात चित्रकारां’बद्दल. त्या वाक्याने मला खरोखर दुःख झालं. अनबांगबांगची ती भिंत आज जशी दिसते तशी १९६३-६४ च्या मोसमात रंगवली गेली. रंगवणाऱ्याचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे: नयोम्बोल्मी. बडमार्डी कुळातला माणूस. इथल्या गोऱ्यांच्या जनावरांच्या छावण्यांवर राबला, म्हशी मारायच्या कामावर गेला, आणि त्या सगळ्या धबडग्यातून आयुष्यभर खडकांवर चित्रं काढत राहिला. शेवटी इथे येऊन त्याने जुनी चित्रं पुन्हा उजळवली. त्याच्या ओळखीची, नात्यातली माणसं पुढे कितीतरी वर्षं हयात होती. काकाडूत फार फार जुनी चित्रंही आहेत, हजारो वर्षांची, त्याबद्दल वाद नाही. पण नमर्गोनचं चित्र काढणारा अज्ञात नव्हता. त्याला अज्ञात केलं की कुणाला विचारायची गरज उरत नाही, पैसे द्यायचीही नाही.

चंद्राच्या पत्त्यावरचा मासा बहुधा बरामुंडी. उबिरच्या मुख्य भिंतीवर असे मासे ओळीने आहेत. उबिर हे काकाडूच्या ईशान्य टोकाला, अर्नहेम लँड या आदिवासींच्या मालकीच्या प्रदेशाच्या सीमेवर. जवळून पाहिलं तर कणा, त्याच्या खालचा हवेचा फुगा, पोटातले अवयव, सगळं वेगवेगळ्या रेघांनी भरलेलं असतं. मासा कापून वाटणाऱ्याच्या डोळ्यांनी काढलेली चित्रं आहेत ती. कुठला भाग कुणाला द्यायचा याचे नियम असतात. त्याच भिंतीवर लांब मानेचं कासव आहे. एका ठिकाणी खिशात हात घातलेला गोरा माणूस आहे, पाइप ओढणारा. आणि मान वर करून पाहिलं तर उंचावर टास्मानियन वाघ दिसतो, जो मुख्य भूमीवरून निदान दोन हजार वर्षांपूर्वीच नाहीसा झाला. इतक्या लांब काळाचं सगळं एकाच जागी. तिथे उभं राहिलं की बोलावंसं वाटत नाही.

तुमचा सम्राट मात्र काकाडूतला नाहीच. तो वांजिना, पश्चिमेला किंबर्लीतला. वरोरा, न्गारिन्यिन आणि वुनांबल लोकांचा. पाऊस, ढग, जमिनीचे कायदे, सगळं त्याच्याकडे. तोंड काढत नाहीत, कारण तोंड असतं तर पाऊस थांबलाच नसता असं सांगतात. त्या त्या गुहेची जबाबदारी असलेली माणसं ती चित्रं पुन्हा रंगवून ताजी ठेवत आली, आणि वांजिना कुणी काढायचा याचे तिथे नियम आहेत. पर्थच्या ताईंनी हात मागे घेतला तो उगाच नाही. २०१० मध्ये सिडनीजवळ ब्लू माउंटन्समध्ये एका खाजगी गॅलरीबाहेर दगडात कोरलेले वांजिना उभे केले होते, कुणाला न विचारता. किंबर्लीतल्या लोकांना ते फार लागलं, मोठा निषेध झाला, प्रकरण न्यायालयापर्यंत गेलं आणि ते शिल्प ठेवायला परवानगी मिळाली नाही.

आणि ठिपके तिसरीकडचे. ती वाळवंटी प्रदेशातली शैली. १९७१ मध्ये ॲलिस स्प्रिंग्जच्या पश्चिमेला पपुन्या नावाच्या वस्तीत तिथल्या जाणत्या पुरुषांनी फळ्यांवर रंगवायला सुरुवात केली, तिथून ती जगभर गेली. त्या आधी हेच आकार वाळूत, अंगावर, जमिनीवर काढले जायचे. एकात एक वर्तुळं म्हणजे पाणवठा किंवा मुक्काम, इंग्रजी ‘यू’सारखा आकार म्हणजे मांडी घालून बसलेला माणूस, हे तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल. पण तेच वर्तुळ कुणाचा कोणता पाणवठा हे फक्त त्या चित्राचा मालक सांगू शकतो. सुरुवातीच्या काही फळ्यांवर बाहेरच्यांनी पाहू नयेत अशा गोष्टी आल्या होत्या, त्यावरून समाजातूनच तक्रारी झाल्या, आणि मग चित्रकारांनी ते भाग काढणं सोडलं किंवा ठिपक्यांखाली झाकले. तेच ठिपके तुमच्या संचात शोभेची पार्श्वभूमी म्हणून आलेत.

डार्विनहून ॲलिस स्प्रिंग्ज रस्त्याने दीड हजार किलोमीटर आहे. गोरे आले तेव्हा या खंडात अडीचशेहून जास्त भाषा होत्या. वारल्यांचा लग्नचौक, मिथिलेचं कोहबर आणि केरळातला तेय्यम एकाच कागदावर काढून खाली ‘भारतीय आदिम चिन्हं’ लिहावं, तसा हा संच झालाय.

अठ्ठ्याहत्तर ताई, तुमचा मुद्दा कळतो. टॅरोचं रूप बदलतं, बदलू दे. पण फुलापानांना कुणी विचारणारं नसतं. वांजिनाला आहे.

शाईवाला

टॉपएंडकर यांच्याशी पूर्ण सहमत. मी सिडनीत कापडावर छपाई करणाऱ्या कंपनीत डिझाइन विभागात आहे. ‘जुनी लोककला, कुणाची मालकी नाही’ हा समज आमच्या धंद्यात किती महागात पडलाय ते लिहितो.

१९६६ मध्ये ऑस्ट्रेलियाचं चलन दशमान झालं. नव्या एक डॉलरच्या नोटेच्या मागच्या बाजूला झाडाच्या सालीवरचं एक सुंदर चित्र घेतलं. चित्रकार कुणीतरी जुना, अनाम असणार असं गृहीत धरलं होतं. नोट छापून आल्यावर लक्षात आलं की चित्र डेव्हिड मलांगी यांचं आहे आणि ते अर्नहेम लँडमध्ये हयात आहेत. चित्रात त्यांच्या पूर्वज शिकाऱ्याचे अंत्यविधी होते. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर कूम्ब्स यांनी मग त्यांना हजार डॉलर, एक पदक आणि मासेमारीच्या सामानाची पेटी दिली. देशाच्या नोटेवर तुमच्या कुळाचे अंत्यविधी छापले जातात आणि तुम्हाला ते नंतर कळतं!

१९९४ मध्ये गालिच्यांचा खटला झाला. आदिवासी चित्रकारांची चित्रं व्हिएतनाममध्ये गालिच्यांवर विणून आणली होती, म्हणजे लोक पवित्र गोष्टींवर पाय ठेवून चालणार. न्यायालयाने भरपाई दिली, तीही आयात करणाऱ्यांना चांगलीच जड जाईल अशी. १९९८ चा जॉन बुलुन बुलुन यांचा खटला तर आमच्याकडे अजूनही नव्या माणसाला सांगतात. त्यांचं पाणवठ्याचं चित्र कापडावर छापलं गेलं होतं. न्यायाधीशांनी समाजाला सामूहिक कॉपीराइट काही दिला नाही, पण एवढं मान्य केलं की चित्रकार आपल्या गनालबिंगू लोकांना बांधील आहे, समाजाच्या हिताला बाध येईल असं तो त्या चित्राचं काही करू शकत नाही. म्हणजे चित्रकाराने स्वतः परवानगी दिली तरी प्रश्न सुटतोच असं नाही, मागे समाज उभा असतो.

२०२२ मध्ये इथल्या प्रॉडक्टिव्हिटी कमिशन या सरकारी सल्लागार संस्थेचा अहवाल आला. आदिवासी शैलीच्या स्मरणवस्तूंवर लोक जो पैसा खर्च करतात त्यातला निम्म्याहून जास्त बनावट मालावर जातो, म्हणजे ज्यात आदिवासींचा हातच नाही अशा मालावर. भाचीची चूक नाही हो ताई. विमानतळापासून बाजारापर्यंत सगळीकडे हाच माल मांडलेला असतो.

सड्यावरची

मी रत्नागिरीची. धागा वाचताना आमची कातळशिल्पं डोळ्यांपुढे आली म्हणून विचारते. इथे सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, जांभ्यात कोरलेली चित्रं आहेत. कशेळीचा हत्ती अठराएक मीटरचा आहे आणि त्याच्या पोटात इतर प्राणी, पक्षी, मासे कोरलेत. बारसूला दोन वाघांच्या मध्ये उभा माणूस आहे. २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत नऊ ठिकाणं गेली, गोव्यातलं कुशावतीकाठचं फणसायमळही त्यात आहे. हल्ली या चित्रांचे टी-शर्ट, किचेन निघालेत.

पण आमच्याकडे ही कुणी कोरली ते सांगणारं कुणी नाही. गावात म्हातारी माणसं ‘पांडवांनी कोरलं’ म्हणतात. मग कुणी कातळशिल्पांचा टॅरो काढला तर तोही चुकीचाच म्हणायचा का?

टॉपएंडकर

सड्यावरची ताई, चांगला प्रश्न आहे. माझ्या मते तिथे कोरणाऱ्यांची परंपरा तुटलीये, इथे ती चालू आहे, हा मोठा फरक. नमर्गोनची गोष्ट सांगायचा अधिकार कुणाचा हे इथे आजही ठरलेलं आहे, आणि पाहुण्यांना सांगतात तो फक्त वरचा थर, लहान मुलांना सांगतात तेवढाच. कोकणात तसा हक्कदार कुणी नसला तरी सडा कुणाच्या तरी मालकीचा आहे, तिथे गुरं चारणारे आहेत, ज्यांनी पायपीट करून ही चित्रं शोधली ते आहेत. संच काढणाऱ्याने त्यांच्याशी बोलावं, प्रत्येक पत्त्यावर गावाचं नाव घालावं, विक्रीतला वाटा सडा राखायला द्यावा. आणि ‘याचा अर्थ अमुक’ असं ठामपणे छापू नये, कारण अर्थ खरोखरच हरवलाय.

पानगळ

सगळ्यांचे मनापासून आभार. नयोम्बोल्मींबद्दल वाचून फार वेळ तशीच बसले होते. त्या खोक्यावर त्यांचं नाव असायला काय हरकत होती?

आता नेमकं विचारते. संचाचं काय करू? भाचीने इतक्या प्रेमाने आणलाय, फेकवत नाही. आदिवासी चित्रकारांनी स्वतः केलेले पत्ते असतात का, आणि ते ओळखायचे कसे? शिवाय जूनमध्ये मी ब्रिस्बेनला जाणार आहे, तिथून डार्विनला यायचा विचार करतेय. ही चित्रं पाहता येतील का?

टॉपएंडकर

फेकू नका. घरी ठेवा, पाहा, पण लोकांसाठी वाचताना वापरू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. तुम्ही वाचनाचे पैसे घेता, म्हणून जास्तच. भाचीला यातलं काही सांगून वाईट वाटू देऊ नका, सोबत आणलीत तर काकाडूत तिलाही कळेल.

आदिवासी चित्रकारांनी स्वतः केलेले पत्तेही मिळतात. ओळखायचं असं: चित्रकाराचं नाव, तो कुठल्या भाषेचा आणि कुठल्या जमिनीचा, हे खोक्यावर स्पष्ट लिहिलेलं असतं. ‘प्रेरित’, ‘शैलीत’ असले शब्द असतील तर विक्रेत्याला विचारा की चित्रकाराला पैसे कसे जातात. उत्तर गुळमुळीत आलं तर घेऊ नका. चित्रं विकत घ्यायची असतील तर समाजाच्या स्वतःच्या कला केंद्रांतून घ्या. गुनबलान्याला इंजलाक, किंबर्लीत डर्बीजवळ मोवंजुम, कुनुनुराला वारिंगारी. वांजिना हवाच असेल तर मोवंजुमचाच घ्या, तिथे तो काढणारी माणसं त्याच्याच घरातली आहेत.

जून उत्तम. पाऊस संपलेला असतो, रस्ते उघडलेले, सकाळी चक्क गारवा. डार्विन ते जबिरू अडीच-तीन तास. काकाडूचा पास आधी ऑनलाइन काढा. बुरुंगकुयला सकाळी जा, फेरी दीडेक किलोमीटरची आहे, नमर्गोनपाशी घाई करू नका. उबिर दुपारनंतर ठेवा, चित्रं पाहून वर खडकावर चढा, नदाबचं पाणथळ मैदान सूर्यास्ताला पाहायचं असतं. कोरड्या मोसमात रेंजर तिथे मोफत माहिती सांगतात, वेळा फलकावर लावलेल्या असतात. भिंतींना हात लावायचा नाही. फोटोची मनाई असलेल्या जागी पाटी असते.

एक दिवस जास्त असेल तर इंजलाकच्या डोंगरावर जाच. तिथल्याच वाटाड्यांबरोबर जावं लागतं, आणि चित्रांबद्दल तेच सांगतात. गुनबलान्या अर्नहेम लँडमध्ये आहे, त्यामुळे नॉर्दर्न लँड कौन्सिलचा परवाना लागतो, निघायच्या पुरेसे दिवस आधी अर्ज करा. वाटेत काहिल्स क्रॉसिंगला नदी ओलांडावी लागते, ती भरती-ओहोटी पाहूनच. पाण्यात मगरी आहेत, पायी उतरायचं नाही. भाड्याची गाडी घेताना ती त्या रस्त्यावर नेलेली चालते का ते विम्याच्या कागदात बघा. तारखा ठरल्या की इथे लिहा, त्या आठवड्याचं भरतीचं वेळापत्रक मी टाकतो.